तीनच कॉर्ड

डिमिनिश्ड सेवन्थ ही कॉर्ड मला कधीच आवडली नाही. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. कीबोर्डची एक पट्टी दाबायची, मधल्या दोन सोडायच्या, पुढची दाबायची, आणि चारही सूर एकदम वाजवायचे. चारही सुरांमधलं अंतर सारखं, त्यामुळे मूळ सूर कुठला ते कानाला ठरवताच येत नाही. साताऱ्याहून रोज जाऊन-येऊन शिरवळच्या एका शाळेत मी संगीत शिकवते. पाश्चात्त्य संगीताची परीक्षा दिली तरच नोकरी कायम होणार होती, म्हणून पस्तिशी उलटल्यावर हा उद्योग मागं लागला.

शिकवायला घरातच वडील. आप्पा लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, रिटायर होऊन साताऱ्यात स्थिरावले. "नावं बारा असली तरी कॉर्ड तीनच हायती," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "सा वरनं एक, कोमल रे वरनं दुसरी, शुद्ध रे वरनं तिसरी. चौथी म्हणजे परत पहिलीच." हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले. बोटांत उतरायला महिना.

रविवारी सकाळी आमची परीक्षा चालायची. आप्पा माझ्याकडं पाठ करून खुर्चीत बसायचे. समोर काचेचं कपाट, त्यात त्यांचा क्लॅरिनेट. मी तीनपैकी एक कॉर्ड वाजवायची, त्यांनी नंबर सांगायचा. एकदाही चुकले नाहीत. आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं.

कारण आई. मागच्या वर्षी ती मोरीत पाय घसरून पडली. मी शाळेत होते. अर्धा तास ती आप्पांना हाका मारत होती आणि आप्पा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शेवटी शेजारच्या काकू धावत आल्या. चार दिवसांनी आई दवाखान्यातच वारली. मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, "आवं आप्पा, हाक ऐकू आली न्हाई का?"

"आली की," ते म्हणाले. "दिसभर हाका मारायचीच ती. म्हटलं, आसंल कायतरी काम."

त्या उत्तरानंतर पलूसच्या मामानं आमच्या घरी येणं सोडलं. मी कुठं जाणार? पण खरं सांगते, मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. शिकायची गरज होती म्हणून त्यांच्या पाठीमागं बसत होते, एवढंच.

माझ्या खऱ्या परीक्षेला आठवडा राहिला होता. थंडीचे दिवस, पंखा बंद. माझी बोटं दुसऱ्या कॉर्डवर टेकली आणि आवाजच आला नाही. कीबोर्डचा लाल दिवा विझलेला. लाईट गेली होती. मी उठणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "दोन नंबर."

मी कपाटाकडं पाहिलं. काचेत माझे हात स्वच्छ दिसत होते, आणि त्यांच्यावर खिळलेले आप्पांचे डोळे. मी मुकाट्यानं पहिली कॉर्ड दाबली.

"एक नंबर."

म्हणजे इतके दिवस ते बघत होते. आणि समोरासमोर बोलताना माझे ओठ. आधी मला संतापच आला. एवढा कसला ताठा? बँडमधल्या माणसाचा कान गेला हे सांगण्यापेक्षा बायकोची हाक ऐकूनही उठला नाही, हे बोलणं त्यांनी पत्करलं होतं. मामाचं ऐकून घेतलं. वर्षभर माझा अबोला सोसला.

मग मी मान खाली घातली, काचेत ओठ दिसणार नाहीत अशी, आणि मोठ्यानं विचारलं, "आप्पा, आईची हाक तुमाला ऐकूच आली न्हवती ना?"

माझी बोटं पहिल्या कॉर्डवरच थांबली होती.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "तिसरी राहिली की."