तिसऱ्या रांगेतले काका

गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी लीड्सबाहेरच्या मैदानात रोमन सैन्याची तिसरी रांग पहिल्यांदाच लढाईत उतरली. त्या रांगेत माझ्या मावशीचे यजमान होते. निवृत्त भूलतज्ज्ञ, वय सत्तरीच्या आसपास, आणि रोमन प्रजासत्ताकावर इतका जीव असलेला माणूस आमच्या साऱ्या नात्यागोत्यात दुसरा नाही.

हौशी मंडळींचा तो गट सुट्टीच्या दिवशी जुन्या लढाया करून दाखवतो. काका त्यात प्रजासत्ताकाच्या मधल्या काळातले सैनिक. त्या सैन्यात शस्त्रं ज्याची त्याने आणायची, म्हणून काकांची ढाल कपाटाच्या दाराची आणि छातीवरचं चिलखत म्हणजे मावशीचं पितळी ताट. "अहो, उद्या त्यात प्रसाद ठेवायचाय," मावशी म्हणाली. "सरकारी चिलखत यायला अजून शंभर वर्षं आहेत," काका म्हणाले. तरुण पुढे, संसारी मध्ये, अनुभवी म्हातारे सर्वांत मागे गुडघा टेकवून, ही रचना ते कुठेही लावत. मराठी मंडळाच्या जेवणात त्यांनी वाढपीही तसेच उभे केले. पुढचे दमले की मागच्यांनी पुढे यायचं. पुढचे दमलेच नाहीत. मठ्ठा तिसऱ्या रांगेकडे होता, तो कुणालाच मिळाला नाही.

मग गटाच्या कॅप्टनने, विशीतल्या एका नर्सने, सैन्य पुढच्या काळात न्यायचं ठरवलं. जमीन नसलेल्यांचीही भरती, सगळ्यांना एकसारखी शस्त्रं, वयाच्या रांगा बंद. म्हाताऱ्यांनी माहितीच्या तंबूत बसायचं. काका आठवडाभर रोज संध्याकाळी ढाल पुसत बसले. तो शनिवार जुन्या सैन्याचा शेवटचा. एरवी कार्यक्रम दुसऱ्या रांगेतच जिंकून संपे. इतक्या वर्षांत काकांना उठायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी शत्रूपक्षाकडून मँचेस्टरची बसभर विद्यार्थी मंडळी आली. पहिली रांग फुटली. दुसरी मागे सरली. कॅप्टनने वळून पाहिलं. "डॉक, प्लीज," एवढंच म्हणाली. काका उठले, भाला समोर रोखला, आणि म्हाताऱ्यांची अख्खी रांग चालू लागली. प्रेक्षक खुर्च्या सोडून उभे राहिले. मावशी "अहो, सावकाश" म्हणत प्रेक्षकांपुढची दोरी ओलांडून मैदानात गेली. विद्यार्थी थबकले, मग पळत सुटले. काका त्यांच्यामागे थेट कार पार्कपर्यंत गेले.

कॅप्टनचा निर्णय मात्र बदलला नाही. या मोसमात तिसरी रांग नाही. परवा मी गेलो तेव्हा काका तंबूत खुर्चीवर होते आणि शाळेतली मुलं त्यांच्यासमोर एक गुडघा टेकवून बसली होती.