जीप उंच करताना

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, गाडी साताऱ्याच्या गॅरेजला टाका आणि मोकळे व्हा. आमच्या मालकांना ते पटण्यातलं नव्हतं. फौजेत गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. दुसऱ्या कुणी त्यांच्या जीपच्या नटाला पाना लावला तर त्यांना अन्न गोड लागत नाही. निवृत्त झाल्यावर लिलावातून ही जुनी जीप घेतली आणि चारही चाकं ओढणारी गाडी आहे, भिंतीवरनंही चढेल, असं येईल त्याला सांगत सुटले. भिंत राहिली लांब, ती वस्तीखालच्या ओढ्यातच बसली. बसली तेव्हा आत माझी सासू, त्यांची आई होती.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. सोमवारी आणि गुरुवारी साताऱ्याला नेऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. एक वार चुकला की पाय सुजून खांबासारखे व्हायचे आणि पाणी छातीत चढायचं. मग त्यांना आडवंही होता यायचं नाही. भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं ठेवून बसायच्या, आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यांचा श्वास मोजत बसायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दोन वार ओळीनं चुकले तर त्यांच्या हातात काही राहणार नाही.

आमची वस्ती कोरेगावच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. डांबरी सडक आणि वस्ती यांच्यामध्ये ओढा. त्यावरचा फरशीचा बुटका पूल त्या पावसाळ्यात वाहून गेला आणि मागं राहिले नुसते धोंडे. दुसरे उपाय आम्ही केले नाहीत असं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं, तर हादऱ्यांनी आत्यांच्या मानेत मशीनसाठी बसवलेल्या नळीतून रक्त आलं. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, तर एकाचा पाय धोंड्यावरून सरकला आणि आत्या खुर्चीसकट पाण्यात. साताऱ्यात खोली घेतली, तर तिथं त्यांनी अन्नच सोडलं. मरायचंच असंल तर माझ्या उंबऱ्यात मरू द्या, म्हणाल्या. राहता राहिली जीप. तिचं पोट धोंड्यांवर टेकायचं, एवढीच अडचण होती. म्हणजे तिला चाकांवरच्या स्प्रिंगांचे जाड पाटे आणि मोठे टायर घालून उंच करायला हवं होतं.

मी मालकांना न विचारता साताऱ्याच्या गॅरेजवाल्याला फोन केला. दसरा तोंडावर आलेला, हौशी पोरांच्या जीपा रांगेत उभ्या. आठ दिवस गाडी ठेवावी लागेल, म्हणाला. आठ दिवस गाडी नाही म्हणजे दोन वार बुडाले. आणि गाडी आहे तशीच ठेवावी तर ती कोणत्या दिवशी ओढ्यात अडकून पडेल याचा नेम नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मालकांनी तेवढंच धरलं. सोमवारचा वार झाला की गाडी खोलतो आणि गुरुवारच्या आत जोडतो, फौजेत याहून वाईट गाड्या उभ्या केल्यात, म्हणाले. फौजेत काय काय केलं ते ऐकून माझे कान किटले होते. पण मला दुसरं काही सुचतही नव्हतं. माझ्या भावानं सांगलीच्या भंगार बाजारातून पाटे आणि टायर मिळवले आणि कुंडलहून येऊन टाकून गेला. टाकताना म्हणाला, दाजींना जमंल का? मी म्हटलं, जमायलाच पाहिजे.

मंगळवारचा सगळा दिवस गंजलेले नट सोडवण्यात गेला. रॉकेल ओतलं, दिव्यानं तापवलं, मालक पान्यावर उभे राहून नाचले, तरी हलेनात. हलले तेव्हा मागच्या पाट्याचा मधला बोल्टच तुटला. बुधवारी सकाळी जीप अंगणात दगडांवर टेकवलेली, चाकं काढून ठेवलेली. अन् बुधवारी खंडेनवमी.

आमच्या घरात खंडेनवमीला विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार सगळं धुऊन पूजेला मांडतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मालकांची पान्यांची लोखंडी पेटी सगळ्यांत पुढं, हा मान आत्यांनीच दिलेला. त्या दिवशी भिंतीला धरत धरत त्या दारापर्यंत आल्या आणि पेटी आणा म्हणाल्या. मालक गाडीखालून बाहेर आले. ग्रीसनं भरलेले हात तसेच पुढं धरून त्यांनी आईला विनवलं, उद्या तुझा वार हाय, आजच्या दिवस पूजेचं राहू दे.

"रानानं न्हाई, त्या पान्यांनी आपलं घर चालवलंय," आत्या म्हणाल्या. "आज त्यांचा सण हाय. माझं काय व्हायचं ते हुईल."

एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. मग वळून आत गेल्या. मालक उघड्या चाकाच्या जागी पाठ टेकून बसले आणि रडायला लागले. सीमेवरून बर्फातून घरी फोन करणारा माणूस, कधी आवाज हलला नव्हता त्यांचा. मला त्यांची दया आली नाही, राग आला. आत्यांचाही आला आणि देवांचाही. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच वाटेत आडवी आली होती, आणि तिला उचलून बाजूला ठेवता येत नव्हतं.

मी पेटी उघडली. सगळे पाने, हातोड्या, छिन्न्या गाडीखाली पोत्यावर ओतल्या, पेटीला कडी घातली आणि ती उचलून देवापुढं नेऊन ठेवली. आत्या पाटावर बसूनच होत्या. त्यांनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, कपाळ टेकवलं. मी टीव्हीवर देवीची गाणी लावली आणि आवाज वाढवला. अंगणात मालक हातोडीला फडकं गुंडाळून ठोकत होते. जोराचा घाव बसला की मी आवाज आणखी वाढवायची. लय मोठ्यानं लावलंय, असं आत्या एकदा म्हणाल्या. पण बारीक कर असं काही म्हणाल्या नाहीत.

दिवस मावळायला जीप चाकांवर उभी राहिली. मालकांनी वस्तीभोवती एक फेरी मारली, बांधावरनं चढवली, उतरवली. कुठंही टेकली नाही. मी आतून टीव्ही बंद केला आणि चुलीपुढं जाऊन बसले.

गुरुवारी सकाळी आत्यांचे ओठ काळपट दिसत होते. सूज गुडघ्याच्या वर गेलेली, दोन शब्द बोलल्या की दम लागायचा. मालकांनी जीप दाराशी आणून लावली. मी आत्यांना धरून अंगणात आणलं, दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जीपची बैठक आत्यांच्या कमरेच्या वर येत होती. पायरीसुद्धा गुडघ्याच्या वर. पाऊल उंबऱ्यावर टाकायला जिला दोघांचा हात लागत होता, ती बाई तिथं चढणार कशी? मालकांनी ओढ्याच्या एकेका धोंड्याचं माप घेतलं होतं. आत्यांच्या गुडघ्याचं माप ना त्यांनी घेतलं, ना मी.

मालकांनी काखेत हात घालून उचलायला बघितलं. छाती दाबली गेली तशा आत्या गुदमरल्या, डोळे पांढरे झाले. खाली ठेवल्यावर किती तरी वेळ त्यांना श्वासच सापडेना. मी प्लास्टिकची खुर्ची आणली. तिचे पाय ओल्या मातीत रुतले आणि ती एका अंगाला कलंडली. खुर्ची बघूनच आत्या मागं सरल्या, ओढ्यातलं आठवलं असणार. मालक टायरवर मुठी आपटायला लागले. जुने पाटे परत घालायचे म्हटलं तर दोन दिवस, आणि आमच्याकडं दुपारसुद्धा होती की नाही कोण जाणे. माझ्या मनात आलं, आपण हिला मारलं. एवढ्या हौसेनं गाडी उंच केली ती हिला मारायलाच.

आत्यांनी हात वर केला.

"पेटी आणा."

मी म्हटलं, आत्या, ती पूजेत आहे. अजून सोनं लुटलं नाही. त्यांनी नुसतं घराकडं बोट केलं.

मी आत गेले आणि पेटीपुढं उभी राहिले. तेव्हा मला खरा घाम फुटला. भरलेली पेटी उचलायला दोन गडी लागतात, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. मी मालकांना हाक मारली. ते आले, त्यांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी दोन कड्या धरल्या आणि कमरेत वाकून, पावलं जड टाकत, ती रिकामी पेटी अंगणात आणली. जीपच्या दाराशी हळूच टेकवली. मालकांनी तर टेकवल्यावर कमरेवर हातसुद्धा ठेवला.

आत्या आमच्याकडं बघत होत्या.

"दोघं कशाला?" त्या म्हणाल्या. "काल तर एकटीनं आणलीस."

आत्यांनी वाकून पेटीवरची माळ काढली आणि माझ्या हातात दिली. पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. आमच्या घरात खुरप्याला चुकून पाय लागला तरी दहादा पाया पडायला लावणारी बाई. तिनं माझा खांदा धरला आणि सुजलेलं पाऊल हळदीकुंकवावर ठेवलं. पेटी पोकळ वाजली. मग दुसरं पाऊल. मालक मागून कंबर धरून होते, मी पुढून हात. तिथं उभं राहून त्यांनी दम घेतला, जीपचा दांडा धरला आणि बैठकीवर टेकल्या. मी उशी त्यांच्या पाठीमागं सरकवली.

मालक घाईनं दार लावायला लागले, तर आत्यांनी ते हातानं अडवलं.

"पेटी घ्या आत," त्या म्हणाल्या. "तिथं उतरायचं न्हाई व्हय मला?"

मी पेटी उचलली, एकटीनंच, आणि मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. मालकांनी गाडी ओढ्यात घातली.