मोटेवरचा मुराळी

बार्शीहून भूमकडं निघालं की वाटेतच इंग्रजांचा मुलूख संपायचा आणि निजामाचा लागायचा. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. भाषा तीच, नातीगोती तीच, तरी नाक्यावरचा शिपाई असा बघायचा की मी जणू समुद्रापलीकडून आलोय. बहिणीसाठी घेतलेलं लुगडं त्यानं उलगडून पार मातीत लोळवलं. मी माती झटकून घडी घातली. भांडायला अंगात जीवच नव्हता.

आई अंथरुणाला खिळली होती. तिला एकच ध्यास, लेकीला एकदा डोळ्यांनी बघायचं. म्हणून मी मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायला निघालो होतो.

भूमच्या पुढं डोंगर चढून गेलो. उतारावर दगडाच्या ताली घालून केलेली दोन-चार वावरं, एक विहीर, एक छप्पर, एवढीच तिच्या सासरची शेती. बहीण स्वतः मोट हाकत होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हिवतापानं पडलेले, सासऱ्यांचा खांदा निकामी झालेला, आणि गहू नेमका पोटरीत, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात आलेला. तिनं आईचा निरोप ऐकला, डोळे पुसले आणि परत बैलांमागं गेली. पाणी तुटलं तर वर्षभर खायचं काय, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

मी म्हणालो, मोट मी हाकतो, तू जा. सासरे मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिले. मी कापडाच्या दुकानात गजानं मोजणारा माणूस. मुराळ्यानं मागं राहायचं आणि लेकीनं पुढं जायचं, असं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी शेवटी शेजाऱ्याची बैलगाडी मागून तेच तिला घेऊन निघाले.

भरलेली मोट ओढत उतरणीला बैल कुणाच्याही हाकेवर चालतात. मोट परत विहिरीत सोडताना उलट्या पावली वर यायला मात्र त्यांना ओळखीचा आवाज लागतो, आणि माझ्या आवाजाला ते दाद देईनात. दाजी अंथरुणातून शिकवायचे, मी घसा फोडायचो. तळहात सोलून निघाले, भाकरी मोडवेना. कुठून ही अवदसा आठवली, असं रोज वाटायचं, आणि रोज सकाळी परत विहिरीवर जायचो.

सासरे एकटेच परतले. जवळ येऊन त्यांनी कासरा माझ्या हातातून काढून घेतला.

"पाव्हणं, लेक येळंवर पोचली बगा. आईनं वळखलं तिला, तिच्या हातचं पाणी पिल्या. मंग गेल्या."

अग्नी कुणी दिला, मी विचारलं.

"चुलत्यानं. किती येळ ठिवणार?"

मी आईचा एकुलता एक मुलगा. बहिणीनं तिला बघितलं, याचं मला आजही समाधान आहे. पण त्या दिवशी मला रडूसुद्धा येईना, इतका दमलो होतो. आता अंघोळ करून घ्या, सासरे म्हणाले. मी उपसलेलं पाणी पाटानं गव्हाकडं चाललं होतं. अंगावरच्या कपड्यांसकट मी त्यात बसलो.