पाठच्या पानावरचं पुढे आणणाऱ्या फिलोमिना टीचर

दोन रात्री झोप नाही. पोरीला दाढ येतेय हे एक, पण खरं कारण हे पुस्तक. फिलोमिना टीचरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात म्हणून सगळे लिहिणार, त्यात माझंही नाव घातलं. बाकीचे लिहिणारे शिकलेले. मी सातवी. छापलेलं परत घेता येत नाही, आणि माझं लिहिलेलं एकदा माझ्यावरच उलटलेलं आहे, म्हणून भीती वाटते. ते कसं उलटलं तेच सांगते. टीचरांची आणि माझी ओळख तिथूनच झाली.

मी वसईला एका गाळ्यात डब्यांची झाकणं पॅक करायला जाते. माझा मोठा भाऊ हरेश्वरदादा, त्याने तिथल्या सुपरवायझरला सांगून मला लावलं. ते दोघं मित्र. तेव्हा पोरगी पाच महिन्यांची, अंगावर पिणारी. मला अर्धा तास लवकर सुटायचं होतं म्हणून मालकांना अर्ज लिहिला. आमच्याकडे मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर आधी माफी मागायची रीत आहे. मी पानभर तेच लिहिलं. आपण आई-बापाच्या जागी, माझ्याकडून कळत-नकळत चूक झाली असेल तर पदरात घ्या, पुन्हा होणार नाही. अर्धा तास गेला पाठच्या पानावर.

नेमकी त्याच आठवड्यात एका पार्टीला निळ्याऐवजी लाल झाकणं गेली होती. सुपरवायझरने माझं पुढचं पान वाचलं आणि मालकांना सांगितलं, "बाईने लिहून कबूल केलंय." मला घरी बसवलं.

शेजारच्या सुनंदाताई मला माणिकपूरला टीचरांच्या घरी घेऊन गेल्या. टीचर पूर्वी एका ऑफिसात पत्रव्यवहार बघायच्या. रिटायर झाल्यापासून दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आल्या की ओट्यावर आम्हा बायकांना शिकवतात. रजेचा अर्ज, साहेबांना मेसेज, ईमेल, सगळं. फी नाही. फक्त पेन आपलं आणायचं, त्यावर त्या फार कडक आहेत.

त्यांनी माझा अर्ज वाचला, उलटला, पाठचं वाचलं आणि हसायला लागल्या. मला रडू आलं.

"रडू नको, बाय. तुला काय पाहिजे ते मला पाठी जाऊन शोधायला लागलं. मालकाला एवढा वेळ आहे काय?"

"आधीच मागितलं तर उर्मट वाटेल ना, टीचर."

"एक नमस्कार घाल की. तू साष्टांग घातलास आणि उठलीच नाहीस."

मी म्हटलं, तुम्हीच लिहून द्या. तर म्हणाल्या, "मी लिहिलं तर मालक मला कामाला ठेवेल. या वयात झाकणं लावू काय?"

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि मला लिहायला बसवलं. पोरीने त्यांचा चष्मा दोनदा ओढला. मी लिहायचं, त्यांनी लाल पेनाने काट मारायची, असं सहा वेळा झालं. सातव्यांदा पाच ओळी उरल्या. लाल झाकणं भरली त्या दिवशी मी कामावर नव्हते, मुलीला डोस द्यायला नेलं होतं, दवाखान्याचं कार्ड सोबत आहे. पहिल्या अर्जात मी माफी रीत म्हणून लिहिली, चूक कबूल केली नाही. मला कामावर परत घ्यावं आणि रोज अर्धा तास लवकर सोडावं. शेवटची ओळ मी माझ्या मनाने घातली होती: मला माझ्या भावाने शब्द टाकून इथे लावलं, त्याच्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून हे लिहून देत आहे.

टीचर त्या ओळीवर थांबल्या. "हे कामाचं आहे काय?"

"कामाचं नाही, पण खरं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग राहू दे."

मालकांनी उभ्या उभ्या वाचलं. हजेरी मागवली, त्यात त्या दिवशी माझी गैरहजेरी होती. दुसऱ्या दिवशी मला परत बोलावलं, आणि अर्धा तासही दिला. आता आमच्या पाळीचा रोजचा मेसेज मीच टाकते. किती खोके भरले, काय राहिलं, कुठलं मशीन बंद आहे. मालक दुसऱ्या पाळीला सांगतात, असं लिहा. ते ऐकून मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

टीचरांचं खरेपणाचंही असंच आहे. दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या एकीने रजेसाठी पोटदुखी लिहून आणली होती. जायचं होतं चुलतबहिणीच्या लग्नाला. टीचर म्हणाल्या, "डॉक्टरला पोटदुखी कळवतेस? तो तपासायला बसेल. लग्न लिही." तिने लग्न लिहिलं. रजा मिळाली, आणि डॉक्टर विचारत होते, मला का नाही बोलावलं. आणखी एक मुलगी साहेबांना नुसतं "हॅलो सर" लिहून वाट बघत बसायची. टीचरांनी विचारलं, "तुझे साहेब ज्योतिषी आहेत काय?" त्या दिवशी ओट्यावर आम्ही पोट धरून हसलो.

माझं काम राहिलं, पण दादा तुटला. त्याने सांगितलं होतं, पाया पड आणि गप बस. मी लेखी दिल्यावर त्याच्या मित्राला बोलणी बसली. दादा दारातच ओरडला, "कोनी सांगितलं तुला लिव्हायला? माझं नाक कापलंस." त्याने माझी ती पाच ओळींची चिठ्ठी वाचलीच नाही. तेव्हापासून माझा नंबर बंद करून ठेवलाय, मेसेजला एकच टिक येते. बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून माझ्या पोरीचं अजून काढलेलं नाही. सोळा महिन्यांची झाली. सासूबाई म्हणतात दुसरा कोणी बसव. मला दुसरा नको.

टीचरांना मी म्हटलं, तुम्ही बोला त्याच्याशी. म्हणाल्या, "मी बोलले तर तो धाकाने येईल. पोरीला धाकाचा मामा कशाला?" पण तुम्ही वाचणारे धाक दाखवणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

त्याआधी टीचरांसाठी मागते. टीचर, तुमच्या गुडघ्याला आराम पडो, डोळे आहेत तसेच राहोत, आणि आमच्या पोरी अर्ज लिहायच्या वयाच्या होतील तेव्हाही त्या ओट्यावर तुम्हीच काट मारायला बसलेल्या असा.

आता वाचणाऱ्यांना विनंती. हरेश्वरदादाला फोन करा. नंबर पुस्तकाच्या समितीकडे दिलाय. जास्त बोलू नका, तो लगेच तापतो. त्या चिठ्ठीची शेवटची ओळ तेवढी वाचून दाखवा, आणि सांगा की भाचीचे केस डोळ्यांत जातात.