मशीनचा दात आणि अख्खी सुपारी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चहा मागवायचो.

खामगावात माझी दातांची लॅब होती. डॉक्टर माप पाठवायचे, मी कॅप घडवायचो. ब्रशने पोर्सलेनचा थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा थर. मग मशीन आलं. ते खडूसारख्या झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून दात कोरायचं आणि भट्टीत तो आकसून दगडासारखा व्हायचा. मला त्याचा रागच होता.

पिंपळगाव राजाच्या एका ओळखीच्या दादांनी जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू बसवून घेतला. डॉक्टरांनी मला बजावलं, "माणूस सुपारीचा आहे. स्क्रूवरच्या दाताला जोर कळत नाही. कॅप एकसंध ठेवा, वर काही चढवू नका."

दात मशीनमधून निघाला तो मजबूत, पण पांढराफटक. माझ्याने राहवलं नाही. मी तो घासून पातळ केला आणि वर हाताने पोर्सलेन चढवलं. पिवळसर झाकही दिली. डॉक्टरसुद्धा फसले, त्यांना तो एकसंधच वाटला.

पुढे दादांच्या नातीचं लग्न मोताळ्यात ठरलं. सुपारी फोडायची वेळ आली आणि अडकित्ता सापडेना.

"आना इकडं," दादा म्हणाले. "माहा दात मशीनचा हाये!"

कडकन आवाज झाला. टाळ्या पडल्या. पानावर पडलेला तुकडा व्याह्यांनी मानाने तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "सुपारी लय कडक हाये."

सुपारी दादांच्या गालात अख्खीच होती.

दुसऱ्या दिवशी दादा लॅबवर आले. "भाऊ, माफ करा. तुमच्या मेहनतीचा दात म्या बैताडानं फोडला."

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"तुमी कायले बोलता? चूक माहीच."

मी त्यांना नवा दात दिला, एकसंध, हात न लावता. पण त्यांनी सुपारी कायमची सोडली होती. बाजारात, लग्नात, भेटतील तिथे माफी मागायचे.

शेवटी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी ठरवूनच गेलो. "दादा, तो दात..."

"हाव, त्याचंच मनाले लागून राह्यलं," म्हणत त्यांनी हात जोडले.

मी चहा मागितला.

म्हणायचं होतं ते एवढंच: दादा, तुमच्या सुपारीने काही केलं नव्हतं. दात मी घासला होता. मला माफ करा.