टेकू न घेणारा मांडव

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या भूतलावर चौकोनाचा एकच हाडवैरी आहे आणि तो माझा साडू आहे.

चौकोन म्हणजे ढिला माणूस, असं साडूभाऊंचं ठाम मत. "कुठूनही ढकला भाऊ, कलंडते. त्रिकोण मोडेल, पण कलंडणार नाही." शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरी पोळीचेसुद्धा त्रिकोण करून जेवतात. कोणाकडे गेले की चहा यायच्या आत टेबल-खुर्च्या हलवून पाहतात. आमच्या अमरावतीच्या घरी जेवणाचं टेबल डुगडुगताना त्यांच्या तावडीत सापडलं. मी आंबे घेऊन परत येईपर्यंत चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या ठोकून झाल्या होत्या. आता त्यावर हत्ती नाचला तरी ते हलणार नाही. फक्त त्याच्याखाली पाय घालता येत नाहीत, म्हणून आम्ही टांग्यात बसल्यासारखे तिरके बसून जेवतो.

एवढी विद्या असून त्यांनी स्वतः उभारलेलं काही कधी उभं राहिलं नाही. कूलरसाठी बांबूची तिवई केली, ती ऐन मे महिन्यात कूलरसकट शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसली. स्नेहसंमेलनाची कमान प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला इतकी वाकली, की पाहुण्यांना तिच्यातून ओढून काढावं लागलं. दर वेळी साडूभाऊ ढिगाऱ्याकडे बघून म्हणत, "हिशेब बरोबर होता. सामान जड पडलं." आणि ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी, झाडू आणायला जात.

म्हणून लग्न ठरलेल्या त्यांच्या लेकीने "माझी हळद बाबाच्याच मांडवात" असं जाहीर केलं तेव्हा ताईंनी डोक्याला हात लावला. "अवो, अंजनगावचे पाहुणे येऊन राह्यले. मांडव पडला त लेकीले सासरी जल्मभर आयकवतीन."

"यावेळी सामान जडच नाही," साडूभाऊ म्हणाले.

खरंच नव्हतं. शेंगा झोडून उरलेल्या तुरीच्या वाळक्या काड्या, ज्या तुराट्या म्हणून आमच्याकडे चुलीत जातात, त्याच त्यांनी गाडी भरून आणल्या. चार-चार काड्यांची जुडी बांधली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून जुडीला जुडी जोडली, त्रिकोणाला त्रिकोण चिकटवत गेले, आणि एका सकाळी अंगणभर घुमट उभा होता. आत एक खांब नाही. वरून ताईंच्या जुन्या सुती साड्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एका हाताने त्याची कड उचलून दाखवत आणि स्वतःच लाजत.

अडचण निघाली मेढीची. मांडव म्हटला की मुहूर्तमेढ आलीच, आणि मेढ म्हणजे खांबच. त्यांची मोठी बहीण आंब्याचे डहाळे बांधलेला खांब घेऊन दारात उभी. "मेढ गाडा," साडूभाऊ म्हणाले, "पण मांडवाले बांधायची नाही. टेकू घेतला त त्रिकोणाची काय इज्जत राह्यली?" मग ती मेढ मांडवाच्या कडेला, वीतभर अंतर राखून, रुसलेल्या जावयासारखी एकटी उभी राहिली.

हळदीला अंजनगावची मंडळी आली. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत साड्यांमधून गार, रंगीत उजेड. नवरदेवाचे काका खोड काढायच्या तयारीने वर बघायला लागले आणि बघतच राहिले. ताईंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. तेवढ्यात मोर्णा नदीच्या अंगाने धुळीचं वावधन, वादळच म्हणा, उठलं.

वरून किती भार येईल याचा साडूभाऊंनी काडी-काडीचा हिशेब केला होता. खालून वारा शिरला तर काय, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मांडव पडला नाही. तो उडायला निघाला. कोंबडीने पंख उचलावा तशी त्याची एक बाजू वर झाली. पहिली धावली ती नवरी, हळदीने माखलेल्या हातांनी. मग काका, मग दोन्हीकडचे वऱ्हाडी, जो तो हाताला येईल त्या त्रिकोणाला लोंबकळलेला. साडूभाऊंनी एकदा मेढीकडे पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि स्वतःच मांडवाची कड मेढीला बांधली.

तो घुमट आता त्यांच्या गच्चीवर आहे. त्यावर दोडक्याचा वेल चढलाय. लेक माहेरी आली की त्याच्याखालीच बसते. काही तुराट्यांवर तिची पिवळी बोटं अजून दिसतात, आणि संध्याकाळी वेलाला पाणी घालताना साडूभाऊ तेवढ्या काड्या भिजू देत नाहीत. मी तिथे बसलो की मला मात्र ताई दिसतात. पदर वाऱ्यावर, दोन्ही हातांनी मांडवाला लटकलेल्या, आणि व्याह्यांच्या तोंडासमोर ओरडणाऱ्या:

"सोडू नोका वो कोणी! ह्यांचं पयल्यांदाच काईतरी उभं राह्यलं!"