छताला टीव्ही, खाली माझी काठी

काढलेला दात टाकायला आमच्या दवाखान्यात पिवळी पिशवी आहे. ती न्यायला गाडी येते. किस्से न्यायला मात्र कोणाचीच गाडी येत नाही! ते साठतच जातात. आता एवढे साठलेत की भाकरी थापताना मी एकटीच हसते. सासूबाई म्हणतात, "दातवाल्या मॅडमकडं कामाला लागल्यापासून ही नुसती दातच दाखवते!"

मुरबाडच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर आमचा दातांचा दवाखाना. मॅडम रोज कल्याणहून येतात. पेशंटचे नंबर लिहायचे, हत्यारं धुवायची आणि मॅडमनी मशीन चालवलं की तोंडातलं पाणी ओढायची नळी धरायची, हे माझं काम. शाळेत सातवीपर्यंत नळी धरायला कोणी शिकवलं नव्हतं, पण जमलं.

स्वभाव मात्र घाबरट. माझी स्वरा सहा वर्षांची झाली, तरी ती झोपली की नाकापाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना!

तर एक दिवस मॅडम म्हणाल्या, "छताला टीव्ही लावायचा. लहान मुलं खुर्चीत आडवी झाली की रडतात. वर कार्टून दिसलं की गप्प पडून राहतील. आणि पहिला नंबर तुझ्या स्वराचा. तिची दाढ किडलीय, जास्त दिवस ठेवू नको."

मी मान हलवली. पण मनात एकच. छताला टीव्ही, आणि त्याच्या बरोब्बर खाली माझी पोर!

*

टीव्ही लावायला शहापूरहून बबन आला. त्याने आयुष्यभर पंखे आणि डिश लावल्या. छताला टीव्ही पहिल्यांदाच.

मी विचारलं, "पडणार नाय ना?"

"वहिनी, चार बोल्ट आहेत. पडायचा झाला तर स्लॅबसकट पडंल!"

हे तो मला धीर द्यायला बोलला. तोपर्यंत मला नुसती टीव्हीची काळजी होती. तेव्हापासून स्लॅबचीही लागली.

लावून झाल्यावर बबन खुर्चीच्या पायथ्याशी उभा राहिला, मान वर केली आणि म्हणाला, "एकदम झकास!" मॅडम खुर्चीत आडव्या झाल्या. बातम्या चालू होत्या. बातम्या देणारी बाई डोकं खाली, हनुवटी वर!

"अरे, उलटा लावलास!"

बबनने थोडा विचार केला. "मॅडम, पेशंटला तिकडं डोकं करून झोपवा ना!"

"आणि दात काय पायात शोधू?"

मग चारही बोल्ट काढले, टीव्ही फिरवला, परत त्याच भोकांत लावले. झालं! उसवून परत लावलेलं बटण कधी टिकतं का?

*

दुसऱ्या दिवशी मी घरून दुबेळकी, टोकाला दोन फाटे असलेली काठी आणली. कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू देतो, ती. तिच्या दोन्ही बेळक्यांना धुतलेला टॉवेल गुंडाळला.

मॅडमनी विचारलं, "हे काय?"

"दोरीचा टेकू."

"इथे दोरी कुठंय?"

मी नुसतं वर बघितलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दाराच्या मागे ठेव. पेशंटला दिसली तर एकही खुर्चीत बसायचा नाही."

*

वैशाखरे गावची एक आजी दाढ काढायला आली. आडवी झाली, आ केला. मॅडम इंजेक्शन घेऊन वाकल्या आणि आजीने फटकन तोंड मिटलं. उठून बसली, डोक्यावर पदर घेतला, वर बघून हात जोडले.

टीव्हीवर देवाची मालिका लागली होती!

"आजी, झोपा बरं."

"आगो बाय, देवासमोर आ करून झोपू? तोंडात मिश्री हाय माज्या!"

मॅडमनी मला खूण केली. मी चॅनेल बदलला. तिथे कुठलेतरी पुढारी भाषण करत होते. आजीने त्यांना नीट न्याहाळलं, पदर खाली घेतला, आडवी झाली आणि असा आ केला की शेवटची दाढ दिसली.

"हा चालंल. याच्याफुडं कसली लाज!"

*

म्हसा गावाकडचा एक बैलांचा व्यापारी. जत्रेत बैलाचं तोंड उघडून वय सांगायचं, यात त्याची जिंदगी गेली. दोन दाती म्हणजे कोवळा, चार दाती म्हणजे भरात, आणि सगळे दात येऊन जुळला की समजायचं वय झालं.

मॅडमनी त्याच्या तोंडात आरसा घातला, तर त्याने हात बाजूला केला. "असं नाय मॅडम. आधी खालचा ओठ धरायचा, मंग बघायचं."

इंजेक्शन दिलं, कापूस भरला, मॅडमनी पकड लावली. वर टीव्हीवर बैलबाजार लागला होता. अचानक हा हातपाय झाडायला लागला. "आँ! आँ! आँ!"

मॅडमनी घाबरून पकड काढली. "दुखतंय का?"

त्याने कापूस हातात काढला. "मला कशाला दुखतंय! त्या माणसाला फसवतात तिकडं! बैल जुळलाय आणि चार दाती सांगतोय चोर!"

तो सौदा टीव्हीवर मिटेपर्यंत हा आडवा झाला नाही. शेवटी दात निघाला. त्याने तो बोटात धरून उजेडात फिरवून बघितला आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, खरं सांगा. जत्रंत उभा केला तर मला कोन घेईल का?"

*

आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. म्हणून खुर्ची, दिवा आणि मशीन इन्व्हर्टरवर आहेत. टीव्ही नाही.

एकदा नोकरीवाला एक पोरगा दाढेचं काम करून घेत होता. वर क्रिकेटची मॅच, शेवटची ओव्हर. दोन बॉल राहिले आणि लाइट गेली. टीव्ही काळा, मशीन मात्र चालूच!

पोरगा मशीनसकट ओरडला. मॅडम म्हणाल्या, "अहो, हलू नका! दाढेचं काम चाललंय."

"मॅडम, दाढ काय उद्यापन राहील! इन्व्हर्टर टीव्हीला लावायचा ना!"

*

इकडे स्वराचा नंबर काही येईना. येणार कसा? नंबर लिहिणारी मीच! दर सोमवारी तिचं नाव वहीत पहिलं लिहायचे, आणि दुपारपर्यंत खोडून पुढच्या सोमवारी ढकलायचे. कधी तिला सर्दी, कधी शाळा, कधी अमावस्या. मॅडमला दर वेळी नवीन कारण. खरं कारण छताला लटकत होतं.

मग एका सकाळी स्वरा उठली ती गाल धरूनच. गाल हा एवढा! तशीच तिला दवाखान्यात घेऊन आले. मॅडमनी आत बघितलं आणि माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवला.

"आता औषध देते. सूज उतरली की लगेच आण. अजून एक आठवडा ढकललास तर दाढ वाचणार नाही, काढावी लागेल. मग वहीत काय लिहिशील?"

मी रडलेच. आणि डोळे पुसून आधी बबनला फोन लावला.

"बबनभाऊ, आत्ता या. टीव्ही हलवून दाखवा. तरच माझी पोर खाली झोपंल."

बिचारा शहापूरहून मोटरसायकलवर आला. म्हणाला, "हलवून कशाला, लटकूनच दाखवतो!" खुर्चीवर चढला, टीव्हीमागची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि पाय सोडले. "बघा वहिनी! ऐंशी किलोचा गडी! हलला का?"

नाही हलला. तेवढ्यात पुढचा पेशंट, एक म्हातारे बाबा, दार ढकलून आत डोकावले. त्यांनी खुर्चीवर लोंबकळणारा बबन बघितला. खाली उभी असलेली मी बघितली.

"ह्याचा दात लई खोल गेलेला दिसतोय," असं म्हणून ते परत फिरले ते थेट एसटी स्टँडला. आजपर्यंत आले नाहीत.

*

सूज उतरली. स्वरा खुर्चीत आडवी झाली. वर कार्टून लावलं. बबन लटकून गेला होता, तरी मी दारामागून काठी काढली आणि टॉवेलाच्या बेळक्यात टीव्ही अडकवून खाली उभी राहिले.

मॅडम म्हणाल्या, "आणि नळी कोण धरणार?"

"आज तुमीच धरा मॅडम. माजे दोन्ही हात गुंतलेत."

त्यांनी नळी स्वतःच धरली. इंजेक्शन बाहेर निघालं आणि मी डोळे गच्च मिटले. मनात देवीला सांगत होते, आई, टीव्ही सांभाळ, स्लॅब सांभाळ, चारही बोल्ट सांभाळ. मशीनचा घुर्र आवाज चालू होता. हात भरून आले, पण काठी सोडली नाही.

मध्येच स्वरा खुदकन हसली. मग परत. मला वाटलं, कार्टून चांगलं दिसतंय!

"झालं! दाढ वाचली," मॅडम म्हणाल्या.

डोळे उघडले. टीव्ही काळा ठिक्कर!

"लाइट कधी गेली?"

"तू डोळे मिटलेस, तेव्हाच," मॅडम म्हणाल्या. त्या हसू दाबत होत्या.

मी स्वराकडे बघितलं. "मंग तू हसत कशाला होतीस गो?"

तिचा एक गाल बधिर होता. उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाली, "काळ्या टीव्हीत तूच दिसत होतीस. वटवाघळासारखी उलटी लटकलेली! काठी घेऊन! आणि तुझे ओठ असे असे हलत होते."

*

पुढच्याच आठवड्यात स्वराच्या वर्गातली एक मुलगी आली. दात हलत होता, आईच्या कमरेला मिठी, भोकाड पसरलेलं. कशीबशी खुर्चीत आडवी केली. लाइट होती. मॅडमनी कार्टून लावलं.

"हे नको!"

दुसरं लावलं.

"हे पन नको!"

तिसरं, चौथं. मॅडमनी रिमोटची सगळी बटणं दाबून बघितली. शेवटी वाकून लाडाने विचारलं, "मग काय लावू गं बाळा?"

मुलीने रडणं थांबवलं, नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"टीव्ही बंद करा. स्वराची आई लावा."